उद्यानाच्या काठची घरे

घर विकणारा मनुष्य घराबरोबर आणखी पुष्कळ काही विकीत असतो. स्टेशन जवळ, शाळा जवळ, पाणी दोन्ही वेळ. आणि शेजारी एखादे मोठे उद्यान असले, तर खिडकीतून दिसणारी झाडेही तो किमतीत धरतो. झाडे तर त्याची नव्हेत! मग त्यांचे मोल जावे कोणाकडे? आपल्याला हा प्रश्न नवा वाटतो, पण इंग्लंडात तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

लंडनच्या रीजंट्स पार्कची आखणी जॉन नॅश याने १८११ साली केली. जमीन राजसत्तेची आणि हेतू उत्पन्नाचा. हिरवळीभोवती धनिकांच्या हवेल्या उठल्या. सामान्य माणसाला आत पाऊल टाकता आले ते १८३५ साली. तेही काही भागात आणि आठवड्यातून दोनच दिवस. उद्यान होते ते घरांकरिता.

लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पैलतीरी बर्कनहेड नावाचे गाव आहे. तेथे हाच हिशेब उलटा मांडला गेला. गावच्या कारभारी मंडळाने १८४३ साली कायद्याने परवानगी मिळवून सार्वजनिक पैशातून २२६ एकर जमीन घेतली. १२५ एकर लोकांसाठी राखून ठेवली आणि उरलेली कडेची जमीन घरांसाठी विकायला काढली. ज्याला खिडकीतून हिरवळ हवी त्याने दाम मोजावा, आणि त्या दामातून गोदीतल्या मजुराच्या पोराला खेळायला जागा मिळावी, असा तो साधा व्यवहार. जमीन दलदलीची होती. जोसेफ पॅक्स्टन याने तीत तळी खणविली आणि निघालेल्या मातीच्या टेकड्या रचल्या. ५ एप्रिल १८४७ रोजी उद्यान खुले झाले. नकाशातली सगळी घरे काही उठली नाहीत; पण उद्यान लोकांचे झाले ते झालेच.

१८५० साली फ्रेडरिक ओम्स्टेड हा अमेरिकन तरुण तेथे आला. एका पाववाल्याच्या दुकानात तो खायला थांबला असता, आमचे नवे उद्यान पाहिल्यावाचून जाऊ नका, अशी त्या पाववाल्याने गळ घातली. आम्हांला या कथेतला सर्वांत मोठा माणूस हा पाववालाच वाटतो. त्याची खिडकी उद्यानाकडे उघडत असेल-नसेल. तो मालकासारखा बोलला.

पुढे १८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी ओम्स्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉ यांचा नकाशा निवडला गेला. तेथेही भोवतालच्या जमीनमालकांकडून, तुमच्या जमिनीचा भाव वाढणार म्हणून, खर्चाचा वाटा वसूल केला होता. परंतु ती जागा मोकळी नव्हती. तिच्या पश्चिम भागात सेनेका व्हिलेज ही वस्ती होती. १८२५ पासून कृष्णवर्णीयांनी तेथे जमिनी विकत घेऊन घरे, देवळे, शाळा उभारल्या होत्या. मागाहून काही आयरिश कुटुंबेही आली. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला २५० डॉलरांची मालमत्ता असल्याखेरीज मत देता येत नसे. म्हणजे घर गेले की मतही जाण्याची धास्ती! सरकारने मोबदला देऊन जमिनी घेतल्या आणि १८५७ साली वस्ती उठविली. उद्यानाच्या साऱ्या जागेवरून मिळून सुमारे १६०० माणसे हलली.

२०११ साली संशोधकांनी तेथे उत्खनन केले. एका घराचा दगडी पाया सापडला, चहाची लोखंडी किटली सापडली, आणि एक लहानसा जोडा.