तोंड म्हणजे कापड नव्हे

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला बसवले तेव्हा माझ्या मुलीने तोंड फिरवले. "बाबा, तोंडाला तेल नको. आधीच काय कमी आहे?" ती सोळा वर्षांची. कपाळ आणि हनुवटी पुटकुळ्यांनी भरलेली. न्हाणीघरातल्या फळीवर तिने आणलेल्या फेसवॉशच्या चार ट्यूब होत्या. "यातली कोणती चांगली ते तुम्हीच सांगा. साबणांवर एवढं वाचता ना?"

मी वैद्य नाही, रसायनशास्त्रही शिकलेलो नाही. साबणांची जुनी वेष्टने गोळा करता करता त्यांच्यामागचा इतिहास वाचू लागलो, इतकेच. पण प्रश्न जिव्हारी लागला. तिच्या वयाचा असताना मी दिवसातून पाच-सहा वेळा कपडे धुण्याच्या वडीने तोंड घासत असे. कातडी ताणल्यासारखी झाली की तोंड स्वच्छ झाले, असा माझा हिशेब. घरचे म्हणत, "नीट धूत नाहीस, म्हणून येतात." त्या दिवसांचे खड्डे आजही गालांवर आहेत.

हा 'मळ' आमच्या डोक्यात आला कुठून? जुन्या ग्रंथांत तरी तो नाही. सुश्रुताने तरुणांच्या चेहऱ्यावरच्या या फोडांची गणना क्षुद्ररोगांत केली, त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आणि कारण म्हणून कफ, वात व रक्त यांकडे बोट दाखवले. वाग्भटाने आणखी एक नेमकी गोष्ट टिपली: या पिटिकांच्या आत मेद असतो. म्हणजे दोष बाहेरून चिकटलेला नाही, आतला आहे. नाव मात्र दोघांकडेही 'मुखदूषिका', तोंड बिघडवणारी. मराठीतली 'तारुण्यपीटिका' त्या मानाने समजूतदार. ती फक्त वय सांगते.

मळाची कल्पना मला धुण्याच्या साधनांच्या इतिहासात सापडली. चेहऱ्यासाठी आपण वापरतो त्यातल्या बऱ्याच वस्तू आधी कापडासाठी होत्या. मुलतानी मातीच्या जातीची माती युरोपात लोकरीतला तेलकटपणा काढायला वापरत. रिठ्याने आपल्याकडे रेशमी वस्त्रे आणि दागिने धुतले जात. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात 'सनलाइट'च्या पेट्या उतरल्या; तो कपड्यांचा साबण. १८९५ मध्ये 'लाइफबॉय' आला, तो कार्बोलिकचा, जंतू मारण्याचे वचन घेऊन. पुढे साबणावर आपल्याकडे वाद झाला तो त्यातल्या चरबीवरून. आर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलांचा साबण आणला, तेव्हा अनेकांच्या मनातली अडचण दूर झाली. पण साबणाच्या अल्कलीपणाबद्दल कोणी विचारले नाही.

तो प्रश्न जर्मनीत पुढे आला. १९२८ मध्ये हाइन्रिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी त्वचेच्या पृष्ठभागावरच्या आम्लतेचे वर्णन केले आणि तिला 'आम्लाचे आवरण' म्हटले. त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण पाचच्या आसपास असतो. साबणाच्या पाण्याचा नऊ-दहा. साबणाने धुतल्यावर जी ताण बसते, ती स्वच्छतेची खूण नव्हे, त्वचेच्या तक्रारीची आहे.

यावरचा तोडगाही कापडाच्याच कारखान्यातून आला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा साबणाशिवाय धुणारी कृत्रिम द्रव्ये शोधण्याला जोर आला. त्या वाटेवर वस्त्रोद्योगासाठी जी रसायने तयार झाली, त्यांच्याच कुळातल्या द्रव्यावर १९५७ मध्ये अमेरिकेत 'डव्ह'ची वडी निघाली. आजचे सौम्य फेसवॉश त्याच वंशातले. फरक इतकाच, की या द्रव्यांचा सामू त्वचेच्या जवळ आणता येतो.

मग पुटकुळी येते कशी? वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल करतात, मृत पेशींनी रंध्राचे तोंड बुजते, आत अडकलेल्या तेलात जिवाणू वाढतात आणि दाह होतो. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांचा काळेपणाही धुळीचा नव्हे. तो मुख्यतः आपल्याच त्वचेतल्या रंगद्रव्याचा. वाग्भटाचा मेद आतच आहे, तिथवर साबण पोचत नाही. वरचे तेल तेवढे निघते, आणि फार घासले तर दाह वाढतो.

मुलीसोबत बसून त्या चार ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. दोन लगेच बाजूला काढल्या: एकीत खरखरीत कण होते, दुसरी सुगंधाने घमघमत होती. तिसरी साबणाच्याच घडणीची. चौथी साबणविरहित, सौम्य आणि सॅलिसिलिक आम्ल असलेली. हे आम्ल तेलात विरघळते, म्हणून रंध्राच्या तोंडाशी साचलेले सैल करायला मदत करते. ती ठेवली. बेंझॉइल पेरॉक्साइडचे फेसवॉशही असतात, ते जिवाणूंवर काम करतात. पण टॉवेलचा रंग उडवतात आणि त्वचा कोरडी करतात, म्हणून जपून. धुणे दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने, बोटांनी. खूप घाम आला तर आणखी एकदा. आणि नंतर तेलविरहित मॉइश्चरायझर, हे तिला पटवायला सर्वांत अवघड गेले.

पण दुखऱ्या, खोल गाठी फेसवॉशने जात नाहीत. तिच्या हनुवटीवर तशा दोन दिसल्या, तेव्हा तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. माझ्या वेळी कोणी नेले नव्हते. मी नीट तोंड धूत नाही, अशीच सर्वांची खात्री होती, माझीही होती.

यंदा पहाटे तेल आणि उटणे अंगाला लावले, तोंडाला नाही. उटण्याचे कणही त्या दाहाला नकोतच. आजी कुरकुरली. तिला मी सांगितले, "आई, तिचं तोंड मळलेलं नाही." हे वाक्य चाळीस वर्षांपूर्वी ऐकायला मिळाले असते, तर बरे झाले असते.