खाणकामगारांची जबानी

एजियन समुद्रातील मिलोस हे ज्वालामुखीजन्य बेट १८२० साली तेथे सापडलेल्या व्हीनसच्या पुतळ्यामुळे आपणांस परिचित आहे. परंतु बेटाचे जीवन घडविले ते खाणींनी. तेथील ऑब्सिडियन ही काळी नैसर्गिक काच दहा हजार वर्षांहूनही पूर्वी समुद्रापार ग्रीसच्या मुख्य भूमीवर जात असे. पुढे गंधक, मँगनीज व बराइट निघाले. बेंटोनाइट आणि परलाइट आजही निघतात.

किती टन माल जहाजांत चढला, हे कंपनीच्या वह्यांतून कळते. तो काढताना कामगारांनी काय सोसले, याची नोंद वह्यांत नसते. म्हणूनच १९९८ साली अदामास येथे स्थापन झालेल्या खाण संग्रहालयाचे महत्त्व आम्हांस वाटते. तेथे खनिजे आणि अवजारे यांच्याबरोबरच वृद्ध खाणकामगारांची कथनेही चित्रफितींवर जतन केली आहेत. हे संग्रहालय उभारले मात्र एका खाण कंपनीनेच.

जवळच्याच सेरिफोस बेटावरील आठवण निराळ्या हातांनी जपली गेली. तेथील लोहखाणींत १९१६ साली संप झाला. आठ तासांचा दिवस आणि सुरक्षितता या कामगारांच्या मागण्या होत्या. जहाजात खनिज भरू देण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा मेगालो लिव्हादी येथे सशस्त्र पोलिसांनी गोळीबार केला. चार कामगार ठार झाले; संतप्त जमावाच्या हातून पोलिसांकडीलही माणसे मारली गेली. संपाचे पुढारी कॉन्स्टान्टिनोस स्पेरास यांनी १९१९ साली ही हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तेथील खाणी १९६० च्या दशकात बंद पडल्या. गंजलेले रूळ, डबे आणि कंपनीच्या कचेरीची पडकी इमारत तेवढी उरली.

एकीकडे मालकाने जपलेली आठवण, दुसरीकडे संपाच्या पुढाऱ्याने लिहिलेली. यांतील कोणती खरी, असा प्रश्न करण्यात अर्थ नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्ही एवढे जाणतो की, जबानी कोणी दिली याइतकेच ती कोणी, केव्हा आणि कोणते प्रश्न विचारून घेतली, यालाही मोल असते. एवढी नोंद असली, तर पुढचा अभ्यासक दोन्ही बाजू पडताळून पाहू शकेल. मात्र आधी जबानी हाती असावयास हवी. सेरिफोसच्या खाणीत अखेरच्या वर्षी उतरलेले तरुण आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. रूळ आणखी काही काळ टिकतील. ही माणसे तेवढा काळ थांबणार नाहीत.