थालबर्गचा ‘तिसरा हात’

एकोणिसाव्या शतकातील पियानोवादकांचे कौशल्य केवळ श्रोत्यांच्या साक्षीवरून ठरविणे युक्त नव्हे. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिस येथे लिस्ट व झीगिस्मुंट थालबर्ग (१८१२–१८७१) यांचे वादन एकाच मैफलीत झाले. तीत थालबर्गने रोसिनीच्या ‘मोझेस’ या संगीतिकेवरील स्वतःची ‘फँटसी’ वाजविली. तिच्यात मधल्या सप्तकातील सुरावट मुख्यतः दोन्ही हातांचे अंगठे आळीपाळीने वाजवितात, पेडल तिचे स्वर लांबविते व उरलेली बोटे तिच्याभोवती वेगवान स्वरलहरी उठवितात. त्यामुळे तीन हातांचा भास होई. ही रचना सोपी नव्हे. परंतु तिचे श्रुतिगत काठिण्य प्रत्यक्ष श्रमाहून अधिक आहे, कारण सुरावट टिकविण्याचे काम बोटांऐवजी पेडल करते. म्हणून या विक्रमाची नोंद वादकाच्या चरित्राप्रमाणेच वाद्याच्या इतिहासातही झाली पाहिजे.