गच्चीने तारलेली इमारत

आमच्या घरी हल्ली दिवेलागण झाली की न्यूयॉर्कच्या गोष्टी निघतात. निमित्त असे की, आमचे चिरंजीव गेली सात वर्षे तिकडे नोकरीला आहेत आणि येत्या जूनमध्ये आम्हां उभयतांना त्यांच्याकडे जायचे आहे. जाण्यायेण्याची व्यवस्था त्यांनी केली आणि एक काम मात्र माझ्यावर सोपविले. "बाबा, एम्पायर स्टेटच्या गच्चीवर कधी जायचे ते तुम्ही ठरवा. वेळ आधी राखून ठेवावी लागते."

गच्चीवर जायला वेळ कसली ठरवायची? आमच्या पुण्याच्या गच्चीवर जाताना फार तर वाळवणावर पाय पडत नाही ना, एवढे पाहावे लागते! पण मी पडलो इतिहासाचा निवृत्त मास्तर. तिकीट काढण्याआधी त्या इमारतीची कुंडली मांडायला बसलो, आणि ती कुंडली मोठी नवलाची निघाली.

जिथे ही इमारत आहे तिथे पूर्वी वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचे नामांकित हॉटेल होते. १९२९ च्या ऑक्टोबरात ते पाडायला घेतले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. एखादा सावध माणूस तिथेच थांबला असता. पण या कामामागे होते जनरल मोटर्समध्ये नाव आणि पैसा मिळवलेले जॉन रॅस्कॉब, आणि पुढे होते अल स्मिथ. हे स्मिथ न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर. १९२८ साली अध्यक्षपदाची निवडणूक हरले होते. हरलेल्या माणसाला माघार आणखी जड जाते. त्यातून तिकडे क्रायस्लर मोटारवाल्यांनी आपल्या इमारतीचे टोक तिच्या पोटातच गुपचूप जोडून ऐन वेळी बाहेर काढले आणि १,०४६ फूट उंची गाठली. मग यांनीही ८६ मजल्यांवर २०० फुटांचा मनोरा चढवायचे ठरवले. एकूण उंची झाली १,२५० फूट.

या मनोऱ्याला कारण दाखवले ते असे की, अटलांटिक ओलांडून येणारी हवाई जहाजे इथे दोराने बांधता येतील आणि उतारू थेट शहराच्या मध्यावर उतरतील. कल्पना झकास! १९३१ च्या सप्टेंबरात एक लहानसे हवाई जहाज मनोऱ्याला बांधलेही गेले. ते टिकले तीन मिनिटे. एवढ्या उंचीवर वारा उसळ्या मारतो. तिथे जहाज स्थिर राहणार कसे? तो नाद पुढे सोडून द्यावा लागला.

बांधकाम मात्र खरोखर थक्क करणारे. १७ मार्च १९३० रोजी काम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी उद्घाटन. एकेका दिवशी तीन हजारांवर माणसे कामावर असत. कामगारांना जेवायला खाली यावे लागू नये म्हणून मधल्या मजल्यांवर खाणावळी उघडल्या होत्या. काम भरात असताना आठवड्याला साडेचार मजले चढत होते. आमच्या शेजारच्या वाड्याची एक भिंत दोन पावसाळे अर्धवट उभी आहे, म्हणून हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि इमारतीत दिवे लागले.

दिवे लागले खरे, पण त्या उजेडात बसायला माणसे कुठे होती? मंदीत जुन्याच कचेऱ्या बंद पडत होत्या. नवी जागा भाड्याने घेणार कोण? शहरातले लोक तिला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामे स्टेट म्हणू लागले.

वाचकहो, ही कहाणी खरी रंगते ती इथे. कचेऱ्या रिकाम्या होत्या, पण गच्ची रिकामी नव्हती. माणशी एक डॉलर देऊन लोक लिफ्टने वर जात होते. डॉलर त्या दिवसांत लहान नव्हता. कित्येकांना तो मिळतही नव्हता. तरीही माणसे आली. पहिल्या वर्षी साऱ्या मजल्यांच्या भाड्यातून जेवढे मिळाले, जवळजवळ तेवढेच या गच्चीने मिळवून दिले, असे नमूद आहे. इमारत फायद्यात यायला १९५० नंतरचे दशक उजाडावे लागले. तोवर तिचा संसार सावरायला पाहुण्यांचा मोठा हातभार लागला. ज्या मनोऱ्याच्या भरवशावर उतारू यायचे होते ते आलेच नाहीत, आणि ज्यांना नुसते पाहायचे होते त्यांनी घर राखले.

हे वाचल्यावर मी ठरवूनच टाकले की, जायचे ते ८६ व्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीवर. १०२ व्या मजल्यावरही जागा आहे, पण ती काचेने बंद. चिरंजीवांचे मत, सूर्यास्ताच्या सुमारास जावे. दिवसही दिसतो आणि रात्रही. मी म्हटले, आधी हवा पाहावी. याला कारण आहे २८ जुलै १९४५ चा शनिवार. त्या सकाळी शहरावर दाट धुके होते. एक लष्करी बाँबफेके विमान विमानतळ शोधत होते. तिथल्या माणसाने वैमानिकाला बजावले की, आम्हांला एम्पायर स्टेटचे टोक दिसत नाही. थोड्याच वेळात ते विमान ७९ व्या मजल्याच्या आसपास येऊन आदळले. विमानातले तीन आणि इमारतीतले अकरा, असे चौदा जीव गेले. इमारत उभी राहिली. मी त्यातून साधा नियम काढला : रस्त्यावरून टोक दिसत नसेल त्या दिवशी वर जाऊ नये.

हे सारे मी सौ.ला मोठ्या उत्साहाने ऐकवले. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, पण त्या गच्चीवरून ती इमारत दिसेल का?"

मी गप्प झालो. इतके वाचन केले आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. सौ.च्या डोळ्यांत काचबिंदू आहे. औषधाने तो थोपला आहे, पण गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. अंधारात तर पायरीही चुकते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा तेवढा दिसतो. तोच माणूस अंगणाच्या टोकाला गेला की पुरता दिसतो. लांबचे तिच्या खिडकीत मावते, जवळचे मावत नाही. त्या इमारतीच्या पायाशी उभे राहून तिला चार खिडक्या दिसतील; आणि माथ्यावर गेली तर इमारत पायाखाली!

म्हणून मी पुन्हा पुस्तके उघडली आणि रॉकफेलर सेंटरपाशी येऊन थांबलो. एम्पायर स्टेटपासून पाऊण मैलाच्या आसपास, उत्तरेला. तिथे आधी ऑपेरागृह व्हायचे होते. मंदीमुळे ऑपेरावाले मागे हटले, पण धाकटे जॉन रॉकफेलर जागा भाड्याने घेऊन बसले होते. त्यांनी काम पुढे नेले. १९३१ च्या नाताळात तिथल्या कामगारांनी आपसांत पैसे जमवून बांधकामाच्या चिखलात एक झाड उभे केले आणि कागदाच्या माळांनी ते सजवले. अशा दिवसांत हाताला काम होते, हाच त्यांचा सण. पुढे तिथल्या ७० मजली इमारतीवर १९३३ साली गच्ची उघडली. आगबोटीच्या डेकासारखी, खुर्च्या मांडलेली. ती १९८६ साली बंद झाली आणि २००५ साली पुन्हा खुली झाली. या गच्चीवरून दक्षिणेला पाहिले की एम्पायर स्टेट समोर उभी, टोकापर्यंत.

चिरंजीवांना मी कळवले : रॉकफेलरची गच्ची, आणि वेळ सकाळची. सूर्य तेव्हा पूर्वेला असतो. दक्षिणेला पाहताना डोळ्यांत येत नाही. संध्याकाळ नको, आईला उतरताना अंधार होईल. त्यांनी विचारले, "म्हणजे एम्पायर स्टेटवर जायचेच नाही? तुम्ही तर एवढा इतिहास वाचलात!"

मी फोन सौ.च्या हाती दिला. ती म्हणाली, "अरे, माझ्या माहेरी ओसरीवर त्या इमारतीचे कॅलेंडर होते. वर्ष संपले तरी आजोबांनी ते काढले नाही. पण वरच्या पत्र्याच्या पट्टीखाली तिचे टोक गेले होते. लहानपणापासून मला तेवढे बघायचे आहे."

म्हणजे तो मनोरा. हवाई जहाज ज्याला तीन मिनिटे टेकले होते, तोच. चिरंजीवांनी वेळ राखून ठेवली आहे. आता आमची प्रार्थना एकच, त्या सकाळी धुके नसावे.