जालन्याचे मनोरुग्णालय: राखणीकडून शुश्रूषेकडे

मनोरुग्णालय म्हटले की येरवडा आठवते, ठाणे आठवते. मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय एके काळी होते ते कुंडलिकेकाठच्या जालन्यात.

त्या काळी अशा संस्थांत शुश्रूषेपेक्षा राखण अधिक होई. भोर समितीसाठी देशभरातील मनोरुग्णालये पाहणाऱ्या मूर टेलर यांनी १९४६ साली स्पष्टच नोंदवले, की बहुतेक इमारती रुग्णांना कोंडून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत. बरे करण्याचा विचार त्यांत नाही.

१९५२ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने ग्रंथच लिहिला: परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील विश्वासाचे नाते हाही उपचारच होय. पुढच्याच वर्षी जालन्याचे रुग्णालय हैदराबादजवळ एर्रागड्डा येथे हलले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. रुग्णालय परराज्यात राहिले. मराठवाड्यातील कुटुंबांना पुणे किंवा नागपूर गाठणे भाग पडले.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी घातली. एकांत कोठडीही निषिद्ध ठरली. तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने, रुग्णाला थोडा वेळ जखडता येते. शिक्षा म्हणून कदापि नाही. सर्वांत बोचरी अट पुढची आहे: कर्मचारी अपुरे आहेत, ही सबब चालणार नाही. रात्रपाळीत एकटीने सारा कक्ष सांभाळणाऱ्या परिचारिकेला या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता जालन्यातच ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. खाटांचा आकडा जाहीर झाला; त्यांच्याजवळ रात्री किती परिचारिका असतील, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.