नक्को म्हणणारं कडं

हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांच्या गल्लीत मी घटिकापात्र शोधत होतो. घरच्या लग्नात जुन्या पद्धतीनं घटिका ठेवायची हौस होती. दुकानदारानं तांब्याच्या चार-पाच वाट्या पुढे सरकवल्या. बुडाला बारीक भोक मात्र बाहेरून पाडून घ्यायला सांगितलं. त्याच्या मनगटावर पाणबुड्यांचं जाडजूड स्टीलचं घड्याळ होतं. काचेभोवती काळं कडं, त्यावर साठ मिनिटांच्या खुणा. अस्सल की नक्कल, हे विचारणं बरं दिसलं नसतं. बोलता बोलता तो कडं फिरवायला बघत होता आणि ते जागचं हलत नव्हतं. "घूमताइच नै," तो वैतागून म्हणाला.

माझ्या हातात बुडून वेळ सांगणारी वाटी आणि त्याच्या मनगटावर बुडी मारणाऱ्याला वेळ सांगणारं कडं. दोघांचं रक्ताचं नातं नाही, पण गोत्र एकच असावं. 'सूर्यसिद्धान्ता'त अशा तांब्याच्या पात्राचं वर्णन आहे: बुडाला छिद्र असलेलं पात्र स्वच्छ पाण्यावर ठेवलं की ते अहोरात्रात ६० वेळा बुडतं. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. आता किती वाजले, हे घटिकापात्राला ठाऊक नसतं. तुम्ही मला ठेवलंत तेव्हापासून एवढा वेळ गेला, इतकंच ते सांगतं. मंगलाष्टकं चालू असताना गुरुजींना तेवढंच हवं असतं. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथून निघाला आणि लग्नमंडपातून थेट मरणाच्या दारात जाऊन बसला.

घड्याळाच्या कड्यालाही वाजले किती याच्याशी देणंघेणं नसतं. सुरुवात कधी केली, ते लक्षात ठेवणं एवढंच त्याचं काम.

त्याचा एक जुना पूर्वज मात्र पाण्यातला नाही, आकाशातला. अमेरिकन नौदलातला फिलिप व्हॅन हॉर्न वीम्स वैमानिकांना दिशाशास्त्र शिकवायचा. चार्ल्स लिंडबर्गही त्याच्याकडे शिकला. ताऱ्यांवरून जागा काढताना घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तापाशी हिशेब एका सागरी मैलानं चुकतो. रेडिओवर वेळेची खूण यायची, पण तेव्हाच्या मनगटी घड्याळांचा सेकंदकाटा थांबवून नेमका जुळवता येत नसे. वीम्सनं उलटा विचार केला: काटा हलवता येत नसेल, तर खुणा हलवा. लाँजिन या घड्याळ कंपनीनं त्याच्यासाठी आधी आतली तबकडी फिरणारं घड्याळ केलं. पुढे बाहेरचं कडं फिरणारं आलं, त्याचं पेटंट १९३५चं. हवेत कडं चुकून सरकू नये म्हणून त्याला अडकवून ठेवायचा स्क्रूही होता. सरकण्याची ही भीती पुढेही कड्याच्या पाठीस लागून राहिली.

ती पाण्यात उतरली जाँ-जाक फिश्टरबरोबर. ब्लांपाँ या स्विस कंपनीचा हा प्रमुख स्वतः हौशी पाणबुड्या होता. कुस्तो आणि गान्याँ यांचं पाण्याखाली श्वास घेण्याचं यंत्र १९४३चं. हवेची टाकी पाठीवर आली, पण हवा किती उरली हे वेळेवरूनच ताडावं लागे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एकदा फिश्टरला वेळेचं भान राहिलं नाही, हवा संपली आणि तो कसाबसा वर आला. १९५३ साली त्यानं 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ काढलं. फॅदम म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं माप; आपल्याकडे कोकणात त्याला वाव म्हणतात. हे पन्नास वाव, म्हणजे ९१ मीटरच्या थोडं वर. त्याचं कडं आधी दाबावं लागे, मगच फिरे. त्याच सुमारास रोलेक्सचं 'सबमरीनर' आलं. त्याचं कडं १९८०च्या सुमारापर्यंत दोन्ही बाजूंना फिरत असे.

आज चांगल्या पाणबुडी घड्याळाचं कडं एकाच बाजूला फिरतं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. ही या कड्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. बुडी मारताना कड्यावरचा शून्याचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. काटा पुढे सरकतो आणि गेलेली मिनिटं कड्यावर वाचता येतात. आता खडकाला आपटून कडं हललं, तर त्रिकोण मागेच जाऊ शकतो. गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, माणूस पाच मिनिटं लवकर वर येतो. कडं पुढे सरकू शकलं असतं, तर वेळ कमी दिसला असता आणि माणूस हवा संपेपर्यंत खाली रमला असता. चूक होणार हे गृहीत धरून तिला एकच वाट मोकळी ठेवलेली. पाणबुडी घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकालाही चुकून फिरणार नाही असंच साधन हवं असतं.

आतली यंत्रणा रहाटाच्या खिट्टीसारखी. कड्याच्या पोटात करवतीसारखे दाते, एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला उभी भिंत. खाली पत्र्याची स्प्रिंग, तिची वाकवलेली जीभ. डावीकडे फिरवलं की जीभ उतार चढते आणि 'टक्' करून खाली पडते. साठ दाते असले तर एका टकेला एक मिनिट, १२० असले तर अर्धं. उजवीकडे जोर लावला की जीभ भिंतीला अडते. आपला जो 'नको' दखनीनं उचलून दणकट केला, तो इथे चपखल बसतो: नक्को.

झिजतं काय? समुद्रापेक्षा चाळ्यानं जास्त झिजतं. जिभेचं टोक गोल होतं, टक् मऊ पडते, मग कडं अर्धी खूण मागेपुढे खुळखुळायला लागतं. कड्यावरची अंकांची पट्टी पूर्वी बेकेलाइटची असे, ती तडकायची. मग रंगवलेलं ॲल्युमिनियम आलं. ऊन आणि खारं पाणी खाऊन काळ्याचं राखाडी होणारं. शौकीन लोक त्या विटलेल्या रंगालाच जादा पैसे मोजतात, यावर मी काही बोलत नाही. आता सिरॅमिक आहे, म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड. १५०० अंशांच्या वर भाजताना ते सुमारे पाव हिश्शानं आक्रसतं, मग हिऱ्याच्या हत्यारांनीच घासलं जातं. ते विटत नाही, सहसा चरेही पडत नाहीत, पण फरशीवर पडलं तर फुटू शकतं.

दुकानदाराच्या कड्याचा रोग मात्र यातला कुठलाच नव्हता. बेगम बाजार वसला तो निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगमांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर, आणि आजही भांड्यांपासून चार पावलांवर मिरची, हळद, सुका मेवा पोत्यांनी उतरतो. कडं घड्याळाच्या पाणबंद भागाच्या बाहेर बसतं; त्याखाली पाण्याला शिरायची मुभा असते, तशीच हळदीलाही. घाम मिसळला की तिचा लगदा होतो.

घड्याळाची चावी घट्ट बसली आहे ना, ते मी आधी बघून घेतलं. त्यानं मग माझ्यापुढच्याच एका वाटीत कोमट पाणी मागवलं, पोरानं दात घासायचा जुना ब्रश आणला. कडेनं ब्रश फिरला तसं पाणी पिवळं झालं. तिसऱ्या वाटीभर पाण्यानंतर पहिली टक् ऐकू आली. त्यानं पूर्ण फेरा मारला, साठ मोजले, आणि सवयीनं उलट फिरवून बघितलं. हललं नाही. वाटीचे पैसे त्यानं पूर्ण घेतले.