शस्त्रक्रियेआधीचा पंधरवडा

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी दोन ते चार आठवडे जो आहार पाळावा लागतो, तो मुख्यतः यकृतासाठी असतो. स्थूल माणसाच्या यकृतात बहुधा चरबी साठलेली असते. त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो फुगून जड झाला की जठराच्या वरच्या टोकापर्यंत पोचायला जागा उरत नाही आणि उचलून धरताना चीर पडून रक्त वाहू शकते.

आहाराने स्थूलपणा उतरवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21व्या अध्यायात अतिस्थूल माणसाला पचायला जड, पण अंगी कमी लागणारे अन्न सांगितले आहे: जव, सावा, कोद्रा, मूग, कुळीथ. त्याच यादीतल्या ‘जूर्णाह्व’ या नावाचा अर्थ ज्वारी असा लावतात.

शस्त्रक्रिया मात्र अलीकडची. 1954 साली अमेरिकेत क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाची वाट आखूड केल्याचे मांडले. 1966 मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. तेव्हा पोट उघडत, त्यामुळे मोठे यकृत हाताने बाजूला सारता येई. 1994 साली दुर्बिणीतून केलेल्या बायपासची माहिती प्रसिद्ध झाली आणि छोट्या छिद्रांतून काम करताना तेच यकृत आडवे येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील 2006 च्या एका अभ्यासात रुग्णांना 12 आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला होता. यकृत जेवढे आकसले, त्यातला बहुतांश भाग पहिल्या दोन आठवड्यांतच आकसला. यकृत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि त्यासोबत पाणीही धरून ठेवते. पिष्टमय अन्न थांबले की आधी हाच साठा उतरतो.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी मात्र महिनोन्‌महिने डाएटची अट घातली. त्यात आजारी माणसाची शस्त्रक्रिया विनाकारण लांबत राहिली. 2016 मध्ये तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने ही अट शास्त्राला धरून नसल्याचे स्पष्ट सांगितले.

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या स्वयंपाकघरात हा पंधरवडा जड जातो. कळण्याची भाकरी, तळलेली बट्टी, भरितावरचे तेल, शेवभाजी हे सगळे बंद. दिवसाला साधारण 800 ते 1000 कॅलरी, त्यातही प्रथिने पुरेशी: पातळ ताक, गाळलेले सूप, पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर. घोटाळा होतो तो ‘उपास’ या शब्दाने. साबुदाण्याची खिचडी आणि केळी उपासाला चालतात. रावेर-यावलच्या या केळीपट्ट्यात तर केळी घरचीच. पण दोन्हींत पिष्ट किंवा साखर भरपूर असल्याने यकृताचा साठा पुन्हा भरतो. आहारतज्ज्ञाने ‘उपास करा’ एवढेच म्हटले, तर रुग्ण मनापासून पाळूनही चुकतो. पदार्थांची नावे घेऊनच सांगावे लागते.

मधुमेही रुग्णाची साखर या आहाराने थोड्याच दिवसांत उतरते. इन्शुलिन आणि गोळ्यांचे जुने प्रमाण तसेच राहिले तर ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून आहार सुरू होतानाच डॉक्टर औषधांचे प्रमाण नव्याने ठरवतात.